बागा द्राक्षाची लाल वाइन: चव आणि ताटातली तिची जागा (बायरादा, पोर्तुगाल)

द्राक्षवेल (धागाकर्ता)

पोर्तुगालच्या लाल वाइनचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पा पोर्ट या गोड, कडक वाइनपाशी येऊन थांबतात. फार तर दोउरो खोऱ्यातल्या तोरिगा नासिओनाल या द्राक्षापर्यंत जातात. मी कामानिमित्त कोइंब्रात राहतो. इथून उत्तरेला आवेइरोकडे जाताना मध्ये बायरादा हा वाइनचा प्रदेश लागतो. अटलांटिक हाकेच्या अंतरावर, हवा दमट, पाऊस भरपूर, जमीन चिकणमातीची आणि चुनखडीची. तांबड्या वाइनमध्ये इथे पिढ्यान्‌पिढ्या एकाच काळ्या द्राक्षाचा वरचष्मा राहिला आहे, ते म्हणजे बागा.

या वाइनला 'फार तुरट, फार आंबट' म्हणून बाजूला सारणारे बरेच भेटतात. माझं ठाम मत आहे की त्यांनी ती चुकीच्या जेवणाबरोबर, नाहीतर जेवणाशिवायच प्यायलेली असते. बागा ही गप्पा मारत नुसती घोटायची वाइन नाही. तिला समोर चरबी लागते, मीठ लागतं आणि सावकाश शिजलेलं मांस लागतं.

परवा 2015 सालची एक बाटली उघडली. छोट्या शेतकऱ्याची, जुन्या वेलींची, निव्वळ बागा. उघडल्या उघडल्या नाकाला फारसं काही लागलं नाही. तासभर काचेच्या सुरईत ओतून ठेवल्यावर आंबट चेरी, आलुबुखार, काळा चहा आणि मागे तमालपत्रासारखा हिरवट-कडसर वास येऊ लागला. रंग मधोमध गडद, कडेला विटकरी व्हायला लागलेला. घोट घेतला की आधी आंबटपणा, त्यानं तोंडाला सुटलेलं पाणी, आणि मग टॅनिन, म्हणजे साल-बियांतला तुरट अंश. कच्चट जांभूळ खाल्ल्यावर जीभ आणि गाल जसे आखडतात, तसंच. फळाचा गोडवा आहे, पण तो या दोघांच्या मागे उभा. अल्कोहोल 13 टक्के, त्यामुळे घशाला चटका नाही. घोट गिळल्यावर चव बराच वेळ रेंगाळते, आणि ती रेंगाळते ती चहा-तंबाखूच्या बाजूची.

हे द्राक्ष असं का, त्याचं उत्तर वेलीत आहे. मणी लहान, साल जाड. रस कमी आणि साल-बिया जास्त, म्हणून टॅनिन भरपूर. शिवाय ते पिकतं उशिरा, आणि अटलांटिकचा पाऊस सप्टेंबरच्या सुमारास येऊन ठेपतो. घड दाटीचे असल्यामुळे पावसात कुजतात. म्हणून शेतकरी घाईनं, अर्धवट पिकलेलं द्राक्ष तोडायचे आणि त्याची वाइन कडक व्हायची. पूर्वी देठांसकट आंबवायची पद्धत होती, त्यानं तुरटपणात आणखी भर पडायची. आता बरेच जण घड पोसण्याआधीच काही घड छाटून टाकतात. उरलेले लवकर आणि नीट पिकतात.

आता ताटाकडे. मेआल्यादा या गावातून जुना लिस्बन-पोर्तो रस्ता जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच पदार्थाची हॉटेलं आहेत: लेइतांव, म्हणजे महिना-दीड महिन्याचं डुकराचं पिल्लू. डुकराची चरबी, लसूण, मीठ आणि भरपूर मिरीपूड यांचं वाटण पोटात भरतात, लांब दांड्याला ओवतात आणि लाकडावर तापवलेल्या भट्टीत दोनेक तास फिरवत भाजतात. कातडी काचेसारखी कुरकुरीत आणि आतलं मांस लोण्याइतकं मऊ. सोबत संत्र्याच्या फोडी, बटाट्याचे पातळ काप आणि सॅलड.

पण मला बागाची खरी जोड वाटते ती शांफाना. म्हाताऱ्या बकरीचं मांस लाल वाइन, लसूण, तमालपत्र, पाप्रिका आणि मिरीत घालून काळ्या मातीच्या भांड्यात, लाकडाच्या भट्टीत कित्येक तास शिजवतात. पाणी घालत नाहीत, सगळा रस वाइनचाच. कोइंब्राच्या आसपास लोझां, मिरांदा दु कोर्वु, पोयारेश इथलं हे जेवण. शेवटी तो रस दाट, जवळजवळ काळा होतो. त्याच्यापुढे मऊसूत, फळाळ वाइन कुठच्या कुठे हरवून जाते. बागा तिथे ठामपणे उभी राहते.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः आपल्या जेवणाबरोबर कुणी प्रयोग केला असेल तर.

रानवारा

सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली.
एक मूलभूत प्रश्न: चरबीमुळे तुरटपणा कमी लागतो असं सगळेच म्हणतात, पण का?

द्राक्षवेल

रानवारा, आपल्या लाळेत प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड ओलसर आणि बुळबुळीत राहतं. टॅनिन त्या प्रथिनांना धरून बसतात आणि त्यांचा साका होतो. वंगण गेलं की जीभ खरखरीत लागते. मांस-चीज यांच्याबरोबर घोट घेतला तर टॅनिनना धरायला दुसरी प्रथिनं मिळतात, आणि चरबीचा थरही मध्ये येतो. मिठाचाही हात आहे, त्यानं कडवटपणा दबतो. आंबटपणाचं काम उलट दिशेनं चालतं. तो तोंडावरचा तेलकट थर धुऊन काढतो, म्हणून पुढचा घास पहिल्या घासासारखा लागतो. बागात तुरट आणि आंबट दोन्ही भरपूर असल्यानं तेलकट जेवणावर ती दोन्हीकडून काम करते.

मांडवीकाठ

मी पणजीची. आमच्याकडे लग्नाकार्यात, मोठ्या सणाला कॅथलिक घरांत लेतांव असतंच. पोटात सारण भरून भाजतात, पण आमच्या सारणात मसाला बराच चढा असतो. तुमच्या मेआल्यादाच्या पिल्लात मिरी सोडून तिखट काही नाही, हा फरक मोठा आहे.

आपल्या जेवणाबरोबरच्या प्रयोगांबद्दल विचारलंत म्हणून सांगते. माझ्या नणंदेनं लिस्बनहून बायरादाची एक लाल बाटली आणली होती. आम्ही ती विंदालूबरोबर उघडली आणि अजिबात जमलं नाही. मिरची जास्त झोंबायला लागली आणि वाइन नुसती कडू. तीच बाटली दुसऱ्या दिवशी साध्या भाजलेल्या पोर्कबरोबर घेतली, तर कुणाला ती तीच वाइन वाटेना.

विंदालूचं मूळ पोर्तुगालच्या वाइन-लसणाच्या मुरवणीत आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. मदैरा बेटावर ती मुरवण घातलेलं पोर्क आजही नाताळात करतात. पण गोव्यात त्यात माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं आणि मिरची आली. मूळ एक असलं म्हणून वाइन जुळेलच असं नाही, हे मला त्या जेवणात कळलं. माझ्या मते विंदालू, सोरपोतेल (डुकराच्या मांस-काळजाचं आंबट-तिखट कालवण) यांच्याबरोबर टॅनिनवाली लाल वाइन घेऊच नये.

द्राक्षवेल

मांडवीकाठ, अगदी मोलाचा अनुभव, आणि मी पूर्ण सहमत. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या ज्या ग्राहींना चेतवतं, त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं. म्हणून झोंबणं वाढतं. टॅनिनची खरखर त्या पेटलेल्या जिभेवर आणखी बोचते. तिखटाबरोबर टॅनिन कमी, अल्कोहोल कमी आणि जरा गोडवा असलेली थंड वाइन चालते. बागा या तिन्ही कसोट्यांवर बसत नाही, निदान लाल तरी नाही.

बागाचं दुसरं रूप मात्र बसेल. बायरादात याच द्राक्षाची रोझे (गुलाबी) आणि फसफसती वाइनही करतात. 1942 मध्ये निघालेली आणि जगभर गेलेली मातेउश रोझे, ती चपट्या पोटाच्या बाटलीतली, तिच्यातही बागा द्राक्ष वापरत आले आहेत. किंचित गोड, किंचित फसफसती, थंडगार. सोरपोतेलसमोर मी डोळे मिटून तीच ठेवेन. वाइनचे जाणकार तिला नाकं मुरडतात, पण जेवणापुढे जे जुळतं ते जुळतं.

घाटवाट

धागा आवडला, पण लेइतांवच्या बाबतीत एक गोष्ट राहिली असं वाटतं. मी दोन वर्षं पोर्तोत शिकायला होतो. मेआल्यादाला गेलो की आजूबाजूच्या प्रत्येक टेबलावर फसफसती वाइन दिसायची, लाल क्वचितच. स्थानिक लोक लेइतांवबरोबर ही फसफसती एश्पुमांतेच पितात. मग लाल बागाची शिफारस कशाला?

द्राक्षवेल

घाटवाट, तुम्ही पाहिलंत ते खरं आहे, आणि त्या सवयीला जुना इतिहासही आहे. आनादियात द्राक्षशेतीचं सरकारी केंद्र होतं. तिथे 1890 मध्ये पोर्तुगालची पहिली फसफसती वाइन तयार झाली. तेव्हापासून बायरादा त्या वाइनचं माहेरघर आहे. बुडबुडे आणि आंबटपणा मिळून कुरकुरीत कातडीची चरबी झटक्यात उतरवतात. पिल्लाचं मांस कोवळं असतं, त्याला तरुण लाल बागा दाबून टाकते.

म्हणूनच मी म्हटलं की माझ्या मते बागाची खरी जोड शांफाना. लेइतांवबरोबर लाल घ्यायचीच असेल तर दहा-बारा वर्षं मुरलेली घ्या, टॅनिन निवलेली. किंवा बागाचीच लाल एश्पुमांते घ्या. फसफसती लाल वाइन आपल्या लोकांना विचित्र वाटते, पण त्या पिल्लाबरोबर ती इतकी चपखल बसते की मी पाहुण्यांना आता तीच देतो.

घाटवाट

हे पटलं. लाल एश्पुमांते मी प्यायलोच नाही, पुढच्या खेपेला नक्की.

सुगरण_पुणे

आम्ही घरी शाकाहारी. सगळा धागा बकरी-डुकरावर चाललाय, त्यामुळे विचारू की नको असं झालं. आमच्यासारख्यांनी ही वाइन सोडूनच द्यावी का? मुलगा जर्मनीहून येताना आणणार आहे.

द्राक्षवेल

सुगरण_पुणे, अहो जरूर विचारा, आणि सोडू तर मुळीच नका.

पहिला पर्याय चीज. इथे मेंढीच्या दुधाचं सेर्रा दा एश्त्रेला चीज मिळतं, एका काटेरी फुलाचे वाळलेले तंतू घालून विरजलेलं. त्यात प्राणिज रेनेट (वासराच्या पोटातलं विरजण) नसतं, त्यामुळे काटेकोर शाकाहारींनाही चालतं. ताजं असताना चमच्यानं खाण्याइतकं मऊ, आणि मागे बारीक कडवटपणा. ते खरं शेजारच्या दांव प्रांताचं, आणि तिथल्या वाइनबरोबरच लोक घेतात, पण मुरलेल्या बागाबरोबरही ते छान जातं. सोबत मक्याची पोर्तुगीज ब्रोआ. मुलाला जर्मनीत ते मिळालं तर उत्तम, नाहीतर मेंढीच्या दुधाचं कुठलंही मुरलेलं चीज.

दुसरं, आपल्या स्वयंपाकातलं. तेल, दाणे, तीळ, खोबरं यांची चरबी मांसाइतकी नाही, पण काम करते. तिखट अगदी बेताचं घालून, दाण्याचं कूट आणि तीळ जास्त घातलेली भरली वांगी करून पाहा. भाजक्या वांग्याचा धुरकट वास या वाइनच्या मातकट बाजूशी जुळतो. मात्र गूळ घालू नका. पदार्थात गोडवा आला की तिच्यापुढे वाइन आणखी आंबट आणि बोचरी लागते. हे पुणेरी स्वयंपाकाला अवघड आहे, कल्पना आहे मला. मशरूमही उत्तम, लोण्यात लसूण-मिरीवर पाणी आटेपर्यंत परतलेले.

सुगरण_पुणे

गूळ वगळायचा म्हणजे आमची अर्धी पाककृती गेली! पण त्यामागचं कारण समजलं. मशरूम आणि चीज नक्की. वांग्यांत चिंचही जाते आमच्याकडे, ती चालेल का?

द्राक्षवेल

थोडी चिंच चालेल, गुळापेक्षा बरीच बरी. पदार्थ आंबट असला की वाइनचा आंबटपणा कमी वाटतो. फिकट, आंबटपणा नसलेली वाइन चिंचेपुढे मिळमिळीत होते. बागाला तो धोका नाही.

मालवणी_तडका

बांगडा? तव्यावर भाजलेला, फक्त हळद-मीठ-आगळ. मिरची नाही. चरबी भरपूर आहे त्यात, मग नियमाप्रमाणे जुळायला हवं.

मांडवीकाठ

मी करून पाहिलंय. तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव येते. नको.

द्राक्षवेल

मांडवीकाठ म्हणतात ते बरोबर. लाल वाइनमध्ये लोहाचा अंश असतो. बांगडा, तारली अशा तेलकट माशांतल्या मेदाशी त्याची प्रक्रिया होऊन ती धातूसारखी, उग्र मासळट चव येते. चरबीचा नियम माशाच्या तेलाला लागू होत नाही. वाइनमध्ये लोह कमी असेल तर त्रास कमी होतो, पण बाटलीवर ते लिहिलेलं नसतं.

पोर्तुगीज लोक एका माशाबरोबर मात्र बिनधास्त लाल पितात, तो म्हणजे बाकाल्याउ, खारवून वाळवलेला कॉड. भिजवून, भाजून, वर ऑलिव्ह तेल आणि लसूण ओतलेला. कॉडच्या मांसात मुळात तेल कमी, आणि वाळवल्यामुळे ते चावून खावं लागतं. मालवणी_तडका, तुमच्यासाठी माझी सूचना सुक्या मटणाची. वाटण काळं भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं, मिरची एरवीच्या पाव हिश्शानं. शांफानाच्या सगळ्यात जवळ जाणारं आपल्याकडचं तेच असेल.

मालवणी_तडका

पाव हिस्सा मिरचीचं मटण घरात कुणाला पटेल असं वाटत नाही, पण माझ्यापुरतं वेगळं काढीन.

टेम्सकाठचा

लंडनमध्ये पोर्तुगीज दुकानं बरीच आहेत, त्यामुळे बायरादा मिळते. पण बाटलीवर नुसतं 'बायरादा' असून आत मऊ, व्हॅनिलाच्या वासाची, कुठेही शोभेल अशी वाइन निघाली, असं माझ्या बाबतीत झालं आहे. निवडताना काय बघायचं?

द्राक्षवेल

कळीचा प्रश्न. बायरादाला 1979 मध्ये नियंत्रित मूळस्थानाचा दर्जा मिळाला, पण त्या नावाखाली काबेर्ने, मेर्लो, सिराह अशी परदेशी द्राक्षंही आता चालतात. म्हणून मागच्या बाजूचं लेबल वाचा. द्राक्षांच्या यादीत बागा एकटंच किंवा पहिलं हवं. 'क्लासिको' लिहिलं असेल तर आणखी चांगलं, त्यात बागाचं प्रमाण निम्म्याहून कमी नसतं आणि मुरवण्याची मुदतही जास्त असते.

उत्पादकांत लुइश पातो यांचं नाव सगळ्यात आधी घ्यायला हवं. 1980 पासून त्यांनी बागा जगापुढे नेलं. देठं काढून आंबवणं, घड विरळ करणं, एकेका मळ्याची वाइन वेगळी भरणं हे सगळं त्यांनी इथे रुजवलं. त्यांची 'पे फ्रांकु' ही कलम न केलेल्या वेलींची वाइन आहे. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीनं युरोपचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हापासून जवळपास सगळीकडे अमेरिकी खुंटावर कलम करतात. वाळूच्या जमिनीत ती कीड टिकत नाही, म्हणून तिथे हे धाडस करता आलं. ती महाग असते, पहिली बाटली म्हणून घेऊ नका. त्यांची मुलगी फिलिपा पातो हिच्या वाइन जास्त नाजूक, सुगंधी. टॅनिनला बिचकणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी. आणि ज्यांना जुन्या वळणाची, खडी बागा हवी त्यांनी किंता दश बाजेइराश किंवा सिदोनियु द सोझा शोधावी. मला व्यक्तिशः हीच बाजू प्रिय आहे.

टेम्सकाठचा

खूप आभार. बाजेइराश एका दुकानात पाहिल्यासारखी आठवते.

घाटवाट

इतिहासाचा विषय निघालाच आहे तर: पोर्टच्या लोकांनी बायरादाचे मळे उपटले होते असं ऐकलंय. खरं का?

द्राक्षवेल

हो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये पोर्टची मागणी वाढली तेव्हा बायरादाची गडद वाइन तिच्यात मिसळली जायची. 1756 मध्ये पोर्तुगालचे तेव्हाचे प्रबळ मंत्री, पोंबालचे मार्क्विस, यांनी दोउरोच्या सीमा आखल्या आणि पोर्टची शुद्धता राखण्यासाठी बायरादातले मळे उपटायचा हुकूम निघाला. एका प्रदेशाचं नाव राखायला दुसऱ्याच्या वेली गेल्या. त्यातून हा प्रदेश सावरायला फार काळ लागला. इथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांशी बोलताना पोंबालचं नाव अजूनही कडवटपणे निघतं, आणि त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं.

कधी इकडे आलात तर बुसाकोच्या जंगलातलं राजवाड्याचं हॉटेल चुकवू नका. त्यांची लाल वाइन बायरादाच्या बागा आणि दांवच्या तोरिगा नासिओनाल या दोघांची मिळून होते. बरीच वर्षं ती त्या हॉटेलाबाहेर विकतच नसत. 1810 मध्ये ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन आणि नेपोलियनचा सेनापती मासेना यांची लढाई झाली ती याच डोंगरावर.

रानवारा

शेवटचा व्यावहारिक प्रश्न. नागपूरच्या हवेत ही बाटली ठेवायची आणि द्यायची कशी? आमच्याकडे खोलीचं तापमान म्हणजे मे महिन्यात काय असतं ते सांगायला नको.

द्राक्षवेल

लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' द्या म्हणतात ती खोली युरोपातली, 16 ते 18 अंशांची. नागपुरात बाटली फ्रिजमध्येच ठेवा, खालच्या कप्प्यात, आडवी. प्यायच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा, उन्हाळ्यात वीस मिनिटं पुरेत. फार थंड दिलीत तर टॅनिन जास्त बोचतात, फार गरम दिलीत तर अल्कोहोल नाकात जातं. दोन्हींत मला पहिलं बरं वाटतं, कारण पेल्यात ती आपोआप कोमट होते.

तरुण बाटली असेल तर तास-दीड तास आधी पसरट भांड्यात ओतून ठेवा. पंधरा-वीस वर्षांची असेल तर तसं करू नका. तिचा वास नाजूक झालेला असतो, उडून जातो. फक्त तळाचा गाळ मागे ठेवून हलक्या हातानं ओता. आणि वर्षानुवर्षं मुरवायची म्हणून साध्या फ्रिजमध्ये ठेवण्यात अर्थ नाही, तिथे बूच सुकतं. वाइनसाठीचा वेगळा फ्रिज नसेल तर आणलेली बाटली काही महिन्यांत पिऊन टाका. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस सहज टिकते. तरुण बागा तर दुसऱ्या दिवशी अनेकदा जास्त चांगली लागते.

मांडवीकाठ

यावेळी नणंद येईल तेव्हा दोन बाटल्या मागवते आहे. शांफाना करायचं म्हटलं तर इथे बकरीऐवजी बोकडाचं जून मटण घेऊ का? आणि काळं भांडं नाही, साधं मातीचं आहे.

द्राक्षवेल

जून मटणच घ्या, कोवळं त्या वाइनमध्ये विरघळून जाईल. साधं मातीचं भांडं चालेल, झाकण घट्ट हवं. मांस वाइनमध्ये रात्रभर मुरवा, आणि भांड्यात घालायला महागाची बाटली वाया घालवू नका. कुठलीही कोरडी लाल वाइन चालेल, फक्त गोव्याची गोड पोर्ट नको, रसाचा पाक होईल. ओव्हन 160 अंशांवर, चार तास तरी. इथे लोक आदल्या दिवशी करून दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम करून खातात, सोबत उकडलेले बटाटे.